काल्पनिक रणगाडा कसा घडवायचा: मार्क १ ते मार्क ४

भविष्यातला रणगाडा काढायला बसलं की पेन्सिल आधी तोफेकडे धावते. लांबलचक नळी, तिच्यामागे कोनदार टरेट (तोफ बसवलेला फिरता बुरूज), चार-सहा क्षेपणास्त्रांच्या पेट्या, निळसर उजेड फेकणारे दिवे. चित्र झकास दिसतं, पण रणगाडा खरा वाटत नाही. खरा रणगाडा कुणी एका बैठकीत काढलेला नसतो. आधीचा कशाने मेला, कुठल्या पुलावर अडकला, कुठल्या चिखलात रुतला, याची उत्तरं त्याच्या अंगावर डकवलेली असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या शर्मन रणगाड्याचे फोटो पाहा. कित्येक गाड्यांच्या कुशीवर बाहेरून वेल्ड केलेल्या चौकोनी पट्ट्या दिसतात. त्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला तोफगोळ्यांचे कप्पे होते आणि शत्रूचा मारा तिथेच भोवत होता. पट्टी दिसायला ओबडधोबड आहे, पण तिच्यात एक गोष्ट आहे.

तुमचा रणगाडा कादंबरीसाठी असो, गेमसाठी असो, चित्रासाठी असो की मॉडेलसाठी, पद्धत एकच: शेवटची देखणी आवृत्ती आधी काढायची नाही. आधी मार्क १, म्हणजे पहिली आवृत्ती, काढायचा, त्याच्यावर संकटं आणायची आणि प्रत्येक संकटाला त्याला उत्तर द्यायला लावायचं. उदाहरणासाठी मी एक रणगाडा घेतो आणि त्याचं नाव ‘घोरपड’ ठेवतो. बुटका, लांबट, जमिनीला चिकटून राहणारा. देश, युद्ध, शत्रू सगळे कल्पनेतले, पण वजनाची आणि ऊर्जेची गणितं खरी.

पायरी १: आधी जमीन, शत्रू आणि पूल

पहिला ब्रिटिश रणगाडा मार्क १ हा १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर फ्लेर्स-कूर्सलेत इथे लढाईत उतरला. त्याचा आकार समांतरभुज चौकोनासारखा होता आणि चाकांवरून फिरणारे पोलादी पट्टे अख्ख्या धडाभोवती वळसा घालून जात होते. कारण साधं: खंदक ओलांडायचे आणि काटेरी तारा चिरडायच्या. वर टरेट ठेवला तर गाडी डोकेजड होईल म्हणून तोफा दोन्ही कुशींना लावल्या. वजन २८ टन, इंजिन १०५ अश्वशक्तीचं, माणसं आठ, आणि त्यातली चार नुसती गाडी हाकण्यात गुंतलेली. वेग माणसाच्या चालीइतका. वर्षभरात आलेला फ्रेंच रेनो एफटी याच्या बरोबर उलट: साडेसहा टन, दोन माणसं, चालक पुढे, इंजिन मागे आणि मधोमध गोल फिरणारा टरेट. आजही बहुतेक रणगाडे त्याच मांडणीवर उभे आहेत.

म्हणून कागदावर रेघ मारण्याआधी तीन वाक्यं लिहा. हा कशाला मारणार? याला काय मारणार? आणि हा कुठला पूल ओलांडणार? तिसरा प्रश्न जवळजवळ सगळे विसरतात. जर्मनांचा माउस १८८ टनांचा होता. एवढं वजन पेलणारे पूल नव्हते, म्हणून तो नदीच्या तळावरून चालत जाईल आणि काठावर उभा असलेला दुसरा माउस त्याला केबलमधून वीज पुरवेल, अशी योजना होती. नमुने दोनच बनले. काल्पनिक जगात १८८ टन जरूर ठेवा, पण मग नदी आली की काय होतं हेही लिहा. तो प्रसंग तोफेच्या वर्णनापेक्षा रंगतो.

घोरपडीची तीन वाक्यं अशी: समोरचे रणगाडे फोडायचे; मरण क्षेपणास्त्रांतून आणि आकाशातल्या ड्रोनमधून येणार; प्रदेश दलदलीचा, पूल जुने, म्हणून वजन ४० टनांच्या आत.

पायरी २: माणसं कुठे बसणार

इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं यावर ठरतं. १९४० सालच्या फ्रेंच शार बी १ आणि सोमुआ या रणगाड्यांचं चिलखत चांगलं जाड होतं, पण टरेटमध्ये एकच माणूस. त्यानेच शत्रू शोधायचा, त्यानेच नेम धरायचा, त्यानेच गोळा भरायचा आणि बाकीच्या गाड्यांना हुकूमही त्यानेच द्यायचे. सोव्हिएत टी-३४ मध्ये सुरुवातीला टरेटमध्ये दोघे होते आणि कमांडरच तोफ चालवायचा. १९४४ च्या टी-३४-८५ मध्ये तिसरा माणूस आला आणि कमांडरला आजूबाजूला बघायला सवड मिळाली. तोफेचा व्यास वाढला हे सगळ्यांना आठवतं, पण कमांडर मोकळा झाला हेही तितकंच मोठं होतं.

आज ओढा माणसं कमी करण्याकडे आहे. टी-६४ पासून सोव्हिएत रणगाड्यांत गोळा भरायला यंत्र आलं आणि दल तिघांचं झालं. २०१५ च्या मॉस्कोतल्या संचलनात दिसलेल्या टी-१४ मध्ये टरेट पूर्ण रिकामा आणि तिघेही धडाच्या पुढच्या भागात एका चिलखती कप्प्यात. इस्रायलच्या मेरकावात वेगळा विचार: इंजिनच पुढे, म्हणजे माणसांच्या आधी गोळा इंजिनाला भेटेल, आणि मागे दार.

घोरपडीत मी तिघांना पुढच्या कप्प्यात बसवतो, टरेट निर्मनुष्य. आता याची किंमतही लिहून ठेवा. कमांडरला टरेटमधून डोकं बाहेर काढून चौफेर बघता येणार नाही. कॅमेऱ्यावर चिखल उडाला की तो आंधळा. गोळा भरणारं यंत्र अडकलं तर हात पोचणार नाही. कुणीतरी खाली उतरून, गोळीबारात, टरेटवर चढून झाकण उघडायचं. कथालेखकाला याहून जास्त काय हवं?

पायरी ३: वजनाचा हिशेब

एक आकडा पाठ करा: एक चौरस मीटर पोलाद, एक सेंटिमीटर जाड, म्हणजे साधारण ७८ किलो. एवढ्या भांडवलावर निम्मी अतिशयोक्ती पकडता येते.

घोरपड मार्क १ चे ३८ टन मी असे वाटले: चिलखत आणि सांगाडा १९, पट्टे, चाकं आणि सस्पेन्शन साडेआठ, इंजिन, गिअर आणि इंधन साडेसहा, तोफ, गोळे आणि भरणारं यंत्र ३, उरलेला १ टन माणसं, रेडिओ, कॅमेरे, हत्यारं यांना. आता कुणी म्हणेल, १९ टन म्हणजे भरपूर आहेत, दोन्ही कुशी २०० मिलिमीटर जाड करू. धडाची एक कूस, नाकाचा उतार सोडून, सहा मीटर लांब, एक मीटर उंच. दोन्ही मिळून १२ चौरस मीटर. १२ गुणिले २० सेंटिमीटर गुणिले ७८ म्हणजे १८,७०० किलो. झालं, सगळा वाटा कुशींतच संपला. पुढचा भाग, छत, तळ यांना काही उरलं नाही. म्हणूनच खऱ्या रणगाड्यांचं जाड चिलखत समोरच्या कमानीत एकवटलेलं असतं आणि कुशी, पाठ, छत पातळ असतात. ज्या काल्पनिक रणगाड्याला ‘सर्व बाजूंनी अभेद्य’ म्हटलेलं असतं, त्याचं वजन कुणी मोजलेलं नसतं.

उंचीचंही तसंच. आत जरा ऐसपैस व्हावं म्हणून धड फक्त १० सेंटिमीटर उंच केलं, तर सात मीटर लांब आणि २.२ मीटर रुंद धडाच्या घेराला १.८ चौरस मीटर पत्रा जास्त लागतो. सरासरी जाडी ६ सेंटिमीटर धरली तर पाऊण टनाहून जास्त वजन नुसत्या हवेवर खर्च होतं. रणगाड्यांच्या आत अवघडून का बसावं लागतं, ते यातून कळावं.

पायरी ४: तोफ, आणि तिच्याखालची कडी

तोफेचा व्यास ठरवणं सोपं आहे. १२० मिलिमीटर आज पाश्चात्त्य रणगाड्यांत रूढ आहे, २०२२ मध्ये दाखवलेल्या जर्मन केएफ५१ रणगाड्यावर १३० मिलिमीटरची आहे. घोरपडीला मी १२० देतो. खरी मेख टरेट ज्या कडीवर फिरतो त्या टरेट रिंगमध्ये आहे. तोफ झाडल्यावर तिचा मागचा भाग किती मागे येईल, त्यामागे गोळा भरायला किती जागा राहील, धक्का किती पेलला जाईल, हे सगळं कडीच्या व्यासावर अवलंबून असतं. जर्मन पँझर ३ आणि पँझर ४ ची कहाणी इथे आदर्श आहे. पँझर ३ रणगाडे फोडायला होता, पँझर ४ त्याच्या मदतीला, आखूड ७५ मिलिमीटर तोफेचा. पुढे शत्रूचं चिलखत वाढलं, लांब ७५ मिलिमीटर तोफ हवी झाली आणि ती पँझर ३ च्या कडीत बसेना. पँझर ४ ची कडी मोठी होती, तिथे बसली. मदतनीस मुख्य झाला आणि मुख्य मागे पडला. टी-३४ ला ८५ मिलिमीटर तोफ देताना कडी साधारण १४२ वरून १६० सेंटिमीटर करावी लागली, म्हणजे धडाचं छतच नव्याने आखावं लागलं.

तेव्हा मार्क १ काढतानाच ठरवा: याची कडी मोठी ठेवलीय की लहान? मोठी असेल तर रणगाडा दीर्घायुषी. लहान असेल तर तो लवकर निवृत्त होईल आणि त्याच्या धडावर दुसरं काहीतरी उभं राहील. घोरपडीची कडी मी मुद्दाम मोठी ठेवली. चार आवृत्त्या काढायच्या आहेत.

दुसरी, चित्रात सतत चुकणारी गोष्ट: तोफेचं तोंड खाली झुकवलं की तिची शेपूट वर जाते. ज्या आसावर तोफ डुलते, तिथून शेपूट १.६ मीटर मागे असेल तर १० अंश झुकवताना ती २८ सेंटिमीटर वर उठते. छत तेवढं उंच हवं, नाहीतर शेपूट छताला आपटणार. सोव्हिएत रणगाडे बुटके ठेवले, म्हणून त्यांची तोफ पाच-सहा अंशच झुकते. पाश्चात्त्य रणगाडे उंच, त्यांची नऊ-दहा अंश झुकते. टेकडीच्या मागे दडून फक्त टरेट वर काढायचा आणि खालच्या शत्रूवर मारा करायचा, हे दुसऱ्याला जमतं, पहिल्याला अर्धं अंग उघडं करावं लागतं. बुटका रणगाडा काढून त्याची तोफ खोल दरीत रोखलेली दाखवली की जाणकार लगेच हसतो.

यातून एक वाट आहे. स्वीडनच्या स्ट्रिड्सवॅग्न १०३ ला टरेटच नव्हता. तोफ धडात घट्ट बसवलेली आणि नेम धरायला अख्खी गाडी वळायची, सस्पेन्शन तिला पुढे-मागे कलती करायचं. जपानच्या टाइप ७४ नेही टरेट ठेवून तेल-वायूचं सस्पेन्शन वापरलं. घोरपडीला हेच देतो: तोफ चार अंश झुकते, उरलेले पाच अंश गाडी नाक खाली करून देते. मार्क १ वर हा डौल छान दिसेल. मार्क ३ पर्यंत तो डोकेदुखी होईल.

पायरी ५: मरण कुठून येतं

चिलखताची जाडी लिहिताना कोन लिहायला विसरू नका. उभ्या रेषेपासून ६० अंश कललेला ४५ मिलिमीटरचा पत्रा आडव्या गोळ्याला ९० मिलिमीटरचा लागतो. टी-३४ चं नाक असंच होतं. आता मात्र समोरून येणारी चीज म्हणजे टंगस्टनची किंवा युरेनियमची लांब बाणासारखी सळई, सेकंदाला साधारण १.७ किलोमीटर वेगाने. ती कललेल्या पत्र्यावरून सहसा घसरून जात नाही. म्हणून पाश्चात्त्य रणगाड्यांत १९७० च्या दशकापासून सिरॅमिक आणि धातूंच्या थरांचं चिलखत आलं, आणि त्याच्या पेट्या बसवायला टरेट चौकोनी झाले. गोलाकार टरेट मागच्या पिढीचा आणि सपाट कडांचा टरेट नंतरचा, हा फरक तुमच्या मार्क १ आणि मार्क २ मध्ये वापरता येईल.

गोळे कुठे ठेवले, हे चिलखतापेक्षा महत्त्वाचं. टी-७२ मध्ये २२ गोळ्यांचं चक्र टरेटच्या तळाशी, माणसांच्या खाली आहे. तिथे ठिणगी पडली की टरेट उडून बाजूला पडतो. असे टरेट जगाने पुष्कळ पाहिलेत. अमेरिकी एब्रॅम्समध्ये गोळे टरेटच्या मागच्या पेटीत, मध्ये पोलादी दार, आणि पेटीचं छत मुद्दाम कच्चं. स्फोट झालाच तर ते छत उडतं आणि आग वर निघून जाते. घोरपडीतही गोळे टरेटच्या मागच्या पेटीत, वीस. वीसच का? कारण पेटी त्याहून लांब केली तर टरेट फिरताना मागे फार बाहेर येतो आणि अरुंद रस्त्यावर भिंतीला घासतो.

येणारं क्षेपणास्त्र हवेतच फोडणाऱ्या यंत्रणा आता कल्पना राहिलेल्या नाहीत. इस्रायलच्या ट्रॉफी यंत्रणेने २०११ मध्ये मेरकावावर आलेलं रॉकेट प्रत्यक्ष लढाईत अडवलं. पण अशा यंत्रणेला चारही बाजूंना रडारचे सपाट फलक लागतात. त्यांच्यासमोर बाडबिस्तरा, जाळी किंवा जादा चिलखत ठेवता येत नाही, आणि तिचे दारूगोळेही संपतात. शेजारी चालणाऱ्या पायदळाला ती धोक्याची असते, हे तुमच्या जगातल्या शिपायांच्या तोंडी यायला हवं.

पायरी ६: ऊर्जा, म्हणजे जिथे बहुतेक भविष्यं कोसळतात

‘पूर्ण विजेवर चालणारा’ असं लिहिण्याआधी गणित करा. १,२०० लिटर डिझेलमध्ये सुमारे १२,००० किलोवॉट-तास ऊर्जा असते. इंजिन त्यातली ३५ टक्के कामाला लावतं, म्हणजे ४,२०० हाती लागले. बॅटरी किलोला ०.२ किलोवॉट-तास धरली तर तेवढ्यासाठी २१ टन बॅटरी हवी. घोरपडीचं अख्खं चिलखत १९ टनांचं आहे. तुमच्या जगात पाचपट चांगली बॅटरी निघाली असेल तर तसं स्पष्ट सांगा, आणि मग ती फक्त रणगाड्यातच का, बाकीच्या जगाचं काय झालं, याचंही उत्तर ठेवा.

संकर मात्र पटण्यासारखा आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये दाखवलेला एब्रॅम्स-एक्स डिझेल आणि वीज दोन्हींवर चालतो. घोरपडीत १०० किलोवॉट-तासांची बॅटरी म्हणजे अर्धा टन. कॅमेरे, रेडिओ, रडार मिळून १० किलोवॉट खात असतील तर इंजिन बंद ठेवून दहा तास दबा धरून बसता येतं. ना आवाज, ना धूर, ना तापलेल्या इंजिनाची उष्णता. दलदलीत दडणाऱ्या गाडीला हेच तर हवं.

आता रेलगन, म्हणजे दारूऐवजी विजेच्या जोरावर दोन रुळांमधून गोळा फेकणारी तोफ. अमेरिकी नौदलाने डिसेंबर २०१० मध्ये ३३ मेगाज्यूलचा बार काढून दाखवला, आणि २०२१ मध्ये तो प्रकल्प थांबवला. समजा, तुमच्या रणगाड्याला फक्त १० मेगाज्यूल हवेत आणि यंत्रणेची कार्यक्षमता ३० टक्के आहे. एका बाराला ३३ मेगाज्यूल लागले. १,५०० अश्वशक्तीचं इंजिन म्हणजे १.१ मेगावॉट. गाडी जागेवर उभी, सगळी शक्ती तोफेला दिली, तरी दोन बारांच्या मध्ये ३० सेकंद जातात. मिनिटाला सहा बार हवे असतील तर साडेचार हजार अश्वशक्ती लागेल. शिवाय रुळ झिजतात, उरलेल्या दोन तृतीयांश ऊर्जेची उष्णता होते आणि वीज साठवणाऱ्या कपॅसिटरना जागा लागते. मला स्वतःला हा तीस सेकंदांचा विराम फार आवडतो. बार झाला, चुकला, आणि आता अर्धा मिनिट पळायचं की थांबायचं? अशा मर्यादेने शस्त्राला स्वभाव येतो.

लेझर मुख्य शस्त्र म्हणून नको. धूळ, धूर, पाऊस त्याचे वैरी. पण ड्रोन पाडायला ५० किलोवॉटचा लेझर अमेरिकेत आठ चाकी चिलखती गाडीवर बसवला गेलाय. त्याला साधारण १५० किलोवॉट वीज द्यावी लागते आणि शंभरेक किलोवॉट उष्णता बाहेर काढावी लागते. म्हणजे छतावर लेझर काढलात तर कुठेतरी मोठा रेडिएटरही काढा.

हवेत तरंगणारे रणगाडे? १२० मिलिमीटरच्या तोफेतून आठ किलोचा ऐवज १,७०० मीटर वेगाने सुटतो, त्यामागून गरम वायूही. ४० टनांची गाडी जमिनीला चिकटलेली नसेल तर ती प्रत्येक बाराला सेकंदाला अर्ध्या मीटरहून जास्त वेगाने मागे सरकू लागेल, आणि थांबायला ब्रेक नाही. उतारावर तर बार न काढताही घसरेल. पायांवर चालणाऱ्यांना उंचीचा शाप आणि इवल्याशा तळव्यांचा दाब. दोन्ही प्रकार दिसायला देखणे आहेत, पण हे प्रश्न सोडवल्याशिवाय नुसते देखणेच राहतात.

पायरी ७: पट्टे

वजन भागिले पट्ट्यांचं जमिनीला टेकलेलं क्षेत्र. घोरपड मार्क १ चा पट्टा ४.४ मीटर टेकतो, रुंदी ६० सेंटिमीटर. दोन्ही मिळून ५२,८०० चौरस सेंटिमीटर. ३८ टनांना दाब चौरस सेंटिमीटरला ०.७२ किलो पडतो. दलदलीला चांगला आहे. साठ टनी रणगाड्यांचा एक किलोच्या आसपास असतो.

लांबी वाढवून दाब कमी करता येतो, पण टेकलेली लांबी आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर यांचं गुणोत्तर १.८ च्या वर गेलं की गाडी वळायला कुरकुरते. घोरपडीचं ४.४ भागिले २.८, म्हणजे १.५७. एक चाक वाढवून लांबी ५.२ केली तर १.८६. म्हणून एका लांब रेषेत दहा चाकं काढायची हौस आवरा. चाकं एकमेकांत गुंफायची हौसही आवरा. जर्मन टायगर आणि पँथरमध्ये ती तशी होती, हिवाळ्यात मधला चिखल गोठायचा आणि आतलं एक चाक बदलायला बाहेरची दोन-तीन काढावी लागायची.

पायरी ८: आता संकटं आणा

इथून खरी मजा. मार्क १ तयार आहे: ३८ टन, १,००० अश्वशक्ती, टनाला २६ अश्वशक्ती. नियम एकच: प्रत्येक आवृत्तीत एकच मोठं संकट आणि त्याच्या उत्तरातून निघालेला एक नवा त्रास.

पहिलं संकट वरून येतं. स्वस्त ड्रोन छतावर पडू लागतात. कारखान्याला जाग यायच्या आत शिपाई सळया आणि जाळ्या वेल्ड करून टरेटवर पिंजरा चढवतात. पिंजऱ्याने ड्रोन थोडे अडतात, पण रडारचे दोन फलक झाकले जातात आणि गोळ्यांच्या पेटीचं झाकण पूर्ण उघडत नाही. या रूपाला आवृत्ती क्रमांक नसतो, पण चित्रात ते नक्की असावं. मैदानातली जुगाडं कागदावरच्या बदलांआधी येतात.

मार्क २, ४१ टन. पिंजऱ्याच्या जागी छतावर लेझर. त्याच्या जनरेटरला आत जागा नाही, म्हणून डाव्या पट्ट्यावरच्या पत्र्यावर चिलखती पेटी. धूर सोडणारी नळी आधी तिथेच होती, ती उजवीकडे गेली. दोन्ही कुशी आता सारख्या राहिल्या नाहीत. आरशात पाहिल्यासारखा जुळणारा रणगाडा नेहमी संशयास्पद समजा.

मार्क ३, ४५ टन. शत्रूचं चिलखत वाढलं, लांब नळीची तोफ हवी. कडी मोठी ठेवल्याचा फायदा इथे होतो, पण टरेट पुढे झुकू लागला. उपाय जुना आहे: इस्रायलने शर्मनवर मोठ्या तोफा चढवल्या, तेव्हा टरेटच्या पाठीला वजनदार ठोकळा जोडावा लागला. घोरपडीलाही तसा कुबड येतो. आणि नाक खाली करणारं ते डौलदार सस्पेन्शन? पुढच्या चाकांवरचा भार वाढल्याने तेल गळू लागतं. दल गाडी रात्रभर उभी करायच्या आधी नाक वर उचलून खाली ओंडके सरकवतं. असा एखादा ओंडका कुशीला बांधलेला काढा, पाहणारा विचारेल कशाला.

मार्क ४, ४९ टन. सुरुंगांसाठी तळाला जादा पत्रा, समोर नव्या पेट्या. जुन्या इंजिनावर टनाला २० अश्वशक्ती उरली, म्हणून १,३०० चं इंजिन. ते उंच, त्यामुळे मागचं झाकण वर आलं आणि तोफ मागे फिरवून खाली झुकवता येत नाही. पट्टे ६८ सेंटिमीटरचे केले, तरी दाब ०.८२. दलदलीत पहिल्यासारखी धावत नाही. आणि सुरुवातीची ४० टनांची अट कधीच मोडलीय. पूल बदलले का? की आता प्रत्येक तुकडीबरोबर पूल वाहणारी गाडी जाते? याचं उत्तर तुमच्या जगाचा नकाशा बदलतं. हे अवास्तव वाटत असेल तर एब्रॅम्स बघा: १९८० मध्ये सुमारे ५४ टन, आताच्या आवृत्तीत ६६ च्या पुढे, इंजिन तेच १,५०० अश्वशक्तीचं.

एखादी फसलेली फांदीही ठेवा. मार्क ३ च्या धडावर रेलगन चढवलेले मोजके नमुने, जे लढाईत कधी गेलेच नाहीत. आणि म्हातारे मार्क १ मरत नाहीत. इस्रायलने हाती लागलेल्या टी-५५ चे टरेट काढून त्यांची आख्झारित ही जड सैनिकवाहू गाडी केली. घोरपड मार्क १ ची मी ओढगाडी करतो. टरेटच्या जागी क्रेन, आणि चिखलात रुतलेल्या मार्क ४ ला दोरखंड लावून ओढणारी तीच.

पायरी ९: कागदावर उतरवताना

धडाची मापं मार्क १ ची घ्या आणि चारही आवृत्त्यांची बाजूची चित्रं एकाखाली एक, एकाच प्रमाणात काढा. धड, कडीची जागा आणि चाकांमधलं अंतर चौघांतही तंतोतंत जुळलं पाहिजे. बदल वर, मागे आणि बाहेर साचत गेले पाहिजेत. मार्क ४ आधी काढून मागे जाऊ नका, कारण मग मार्क १ हा मार्क ४ मधून तुकडे गाळल्यासारखा दिसतो.

बारीकसारीक गोष्टी शेवटी. वर चढायला पायरी कुठे आहे? आतून अडकलेला माणूस कुठल्या झाकणातून बाहेर येईल, आणि तोफ त्या झाकणावर थांबली असेल तर? डिझेल कुठून भरतात? पट्ट्याच्या सुट्या कड्या कुठे टांगल्यात? ओढायचे हूक पुढे-मागे आहेत ना? धुराच्या जुन्या नळीच्या जागेवर वेल्ड केलेली गोल चकती मार्क २ पासून पुढे प्रत्येक चित्रात राहू द्या. आणि छतावरच्या लेझरशेजारी, झाकणाच्या कडेला, ‘इथे पाय ठेवू नये’ असं पांढऱ्या रंगात रंगवा, त्यावर बुटाचे ठसे.